घरगुती नॅसमधील जुन्या डिस्क काढून मोठ्या डिस्क कशा बसवाव्यात

नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवण्याच्या पेटीत, ४ टीबीच्या दोन डिस्क 'रेड १' पद्धतीने लावलेल्या असतील, म्हणजे एकीवर लिहिलेले सगळे दुसरीवरही लिहिले जात असेल, तर त्या एकामागून एक काढून ८ टीबीच्या बसवता येतात आणि एकही फाइल न हलवता जागा दुप्पट होते. डिस्क बसवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. खरा धोका पहिली जुनी डिस्क काढल्यापासून नव्या डिस्कवर प्रत पूर्ण होईपर्यंतच्या तासांत असतो, कारण तेवढा वेळ घरातले सगळे फोटो एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर असतात.

म्हणून सुरुवात बॅकअपने करावी. नॅसमधील दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. यूएसबी डिस्कवर प्रत घेऊन त्यातल्या चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. त्यानंतर दोन्ही जुन्या डिस्कची विस्तारित स्मार्ट चाचणी (डिस्क स्वतःच स्वतःची तब्येत तपासते ती) करावी आणि एखादीत खराब सेक्टर दिसल्यास आधी तीच काढावी. पहिल्या खणापासून सुरुवात करण्याच्या सवयीपायी कधी धडधाकट डिस्क बाहेर येते आणि दुखणाईत डिस्कवर सगळा भार पडतो.

नवी डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, असल्याची खात्री करावी. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर त्याला लागून असलेलेही पुन्हा लिहावे लागतात, आणि तासन्‌तास चालणाऱ्या लेखनात अशी डिस्क इतकी रखडू शकते की नॅस तिला बिघडलेली समजते. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कना तळाशी मधली भोके नसतात, तेव्हा आपल्या ट्रेचे स्क्रू कुठे बसतात तेही पाहून ठेवावे.

प्रत्यक्ष बदलताना कोणती डिस्क काढायची आहे ते खणाच्या क्रमांकावर न सोडता सिरियल नंबरवरून ठरवावे. माझ्या हातून एकदा घाईत भलताच ट्रे ओढला गेला आणि नॅस जे बीप करू लागले ते शांत करेपर्यंत घाम फुटला. तेव्हापासून प्रत्येक ट्रेवर सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक मास्किंग टेपवर लिहून चिकटवलेले असतात. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये स्टोरेज मॅनेजरमधून ती डिस्क आधी निष्क्रिय करता येते. चालू स्थितीत डिस्क काढण्याची सोय नसलेली मॉडेल मात्र पूर्ण बंद करावीत.

नवी डिस्क बसली की 'रिपेअर' निवडावे आणि वाट पाहावी. सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला तरी ४ टीबीची प्रत व्हायला साधारण साडेसात तास लागतात, आणि त्याच वेळी कोणी टीव्हीवर चित्रपट लावला तर आणखी जास्त. हे काम रात्रभर चालणार असेल तर नॅस यूपीएसवर असलेले बरे.

पहिली प्रत पूर्ण झाल्यावर जागा तितकीच दिसते. यात काही चुकलेले नसते. जोडीची क्षमता लहान डिस्कवरून ठरते. स्थिती 'हेल्दी' दिसल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला हात लावू नये. दुसऱ्या नव्या डिस्कवरही प्रत झाली की काही नॅसमध्ये व्हॉल्यूम, म्हणजे फाइलींसाठी मिळणारी जागा, आपोआप वाढतो, नाही तर 'एक्स्पांड' निवडावे लागते. मग आकडा ८ नव्हे, ७.३ च्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी दिसेल, कारण उत्पादक टीबी दशमान पद्धतीने मोजतो आणि नॅस १०२४ च्या पटीत. 'रेड ५' (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकते अशी अनेक डिस्कची मांडणी) असलेल्या चार खणांच्या नॅसमध्ये चारही डिस्क बदलल्यावरच जागा वाढते. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्कची जागा वापरून घेणाऱ्या सिनॉलॉजीच्या एसएचआर पद्धतीत दोन बदलल्या की वाढू लागते.

काढलेल्या जुन्या डिस्क दोन-तीन आठवडे तशाच ठेवाव्यात. पुढे त्या कोणाला द्यायच्या असतील तर संगणकाला जोडून त्यांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये लिहावीत. नुसत्या क्विक फॉरमॅटनंतर फोटो परत काढता येतात.