कांद्याच्या मुळात पेशीविभाजन दिसत नाही? स्लाइड करताना या चुका टाळा

सूत्री विभाजनाच्या (एका पेशीपासून दोन सारख्या पेशी होण्याच्या) प्रात्यक्षिकाला साताऱ्यात साहित्याची अडचण पडू नये. लोणंदच्या बाजारातला कांदा घरोघरी असतो. तरी कितीतरी स्लाइडवर नुसत्या लांबट पेशी दिसतात आणि दोष रंगाला दिला जातो. खरी चूक बहुतेकदा मुळाचा तुकडा निवडण्यात असते.

विभाजन चालतं ते मुळाच्या टोकाकडच्या 1 ते 2 मिलिमीटरमध्ये. त्यामागच्या पेशी फक्त लांब होत असतात. अख्खं मूळ रंगवून दाबलं, की या लांब पेशींच्या गर्दीत कामाच्या पेशी हरवतात. रंग दिल्यावर नीट पाहा: टोकाचा भाग बाकीच्यापेक्षा गडद लाल दिसतो, कारण तिथे पेशी लहान आणि केंद्रकं दाट. तेवढाच भाग ब्लेडने कापून ठेवा, उरलेलं फेकून द्या. मूळ चिमट्याने उचलताना मागून धरा. टोक चिरडलं किंवा तुटलं, तर पुढची सगळी मेहनत वाया गेलीच म्हणून समजा.

कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडा, पण बुडाची चकती दुखवू नका. फक्त बूड पाण्याला टेकलेलं असावं, कांदा बुडवला तर कुजतो. पाणी रोज बदला. मुळं 2–3 सेंटिमीटर झाली की सकाळी, ऊन वर आल्यावर दोनेक तासांत कापा. त्या वेळी विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कापल्या कापल्या ॲसिटिक आम्ल 1 भाग आणि अल्कोहोल 3 भाग या ताज्या मिश्रणात 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये.

हायड्रोक्लोरिक आम्लाची पायरी गाळू नका. 1 नॉर्मल तीव्रतेच्या आम्लात 60 अंश सेल्सिअसवर 5 ते 10 मिनिटं ठेवल्यावर पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. कमी वेळ ठेवलं तर पेशी थरावर थर राहतात. जास्त ठेवलं तर लगदा होतो. आम्ल धुऊनच ॲसिटोकार्मिन हा लाल रंग घाला आणि स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवा. उकळू देऊ नका, बुडबुडे येतात.

कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठा सरळ खाली दाबा. जरासुद्धा सरकला, की पेशी गुंडाळल्या जातात. आधी सूक्ष्मदर्शकाच्या 10 एक्स भिंगावर चौकोनी, दाट पेशींचा भाग शोधा, मगच 40 एक्स लावा.

आता दिसतं त्याचा अर्थ. बहुतेक पेशी आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, असणार, त्यात काही बिघडलेलं नाही. विभागणाऱ्यांत पूर्वावस्था (गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहितीचे धागे, आखूड-जाड होतात) जास्त, पश्चावस्था (ती दोन ध्रुवांकडे ओढली जातात) मोजक्याच. आकृतीत मात्र हमखास चुकतं: कांद्याच्या पेशीला तारककेंद्र (प्राणीपेशीत विभाजनाचे तंतू जिथून निघतात तो ठिपका) काढलं जातं, किंवा अंत्यावस्थेनंतर, म्हणजे शेवटच्या टप्प्यानंतर, पेशी मधून आवळलेली दाखवतात. वनस्पतीत मध्यभागी पेशीपट्टिका (नव्या भिंतीची सुरुवात) तयार होते, आवळणं प्राणीपेशीत. आकडेही तपासा. मध्यावस्थेत (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा) 16 गुणसूत्रं, प्रत्येकाला दोन अर्धगुणसूत्रं (एकमेकांना जोडलेल्या सारख्या प्रती). पश्चावस्थेत ती सुटी झाली की पेशीत 32, प्रत्येक ध्रुवाकडे 16.

मध्यावस्था नेहमी सरळ रेषेतच दिसेल असं धरू नका. पेशी ध्रुवाच्या बाजूने दिसली, तर तीच गुणसूत्रं गोलाकार पसरलेली दिसतात. अशी पेशी ‘बिघडलेली’ म्हणून सोडू नका. 16 मोजायला तीच सगळ्यांत सोयीची.