सोलरचं उन्हाळी पाणी वाया न घालवता गारवा: सिलिका जेलचा साठा

मे महिन्यात गच्चीवरच्या सोलरचं पाणी 80 अंशांपलीकडे तापतं आणि नेमकं तेव्हाच ते कुणाला नको असतं. त्या पाण्याने सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) सुकवून ठेवा. गारवा हवा तेव्हा हे सुकं जेल दुसऱ्या निर्वात भांड्यातल्या पाण्याची वाफ ओढतं आणि वाफ होताना उरलेलं पाणी गार होतं. जेल नंतर निवलं तरी साठा घटत नाही. दोन भांड्यांमधला व्हॉल्व्ह बंद आहे तोवर तो महिनोन्महिने टिकतो. गरम पाण्याच्या टाकीला हे जमत नाही.

आधी हिशेब. 10 किलो जेल एका फेरीत साधारण 800 ग्रॅम वाफ शोषतं, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडा जास्त गारवा. एक टनाचा एसी तेवढा दहा मिनिटांत देतो. म्हणून सुरुवात खोलीपासून नको, भाजीच्या पेटीपासून करा.

स्टेनलेस स्टीलची दोन गोल भांडी घ्या. चौकोनी नकोत: निर्वात केल्यावर सपाट पत्र्यावर दर चौरस मीटरला दहा टनांचा दाब येतो. एकात 1–2 मिमी दाण्याचं पांढरं जेल भरा. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळा. जेलमधून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळे तांब्याच्या कॉइलच्या पात्यांत 5–6 मिमीच अंतर ठेवा. दुसऱ्यात दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि कॉइल. मधला पाइप 50 मिमीचा हवा. 14 मिलिबारची विरळ वाफ बारीक पाइपात अडते. जेलचं भांडं वर ठेवा, कारण पाण्याचा थेंब पडला की दाणे तडकतात.

जेल भरण्यापूर्वीच एसीवाल्यांच्या दोन टप्प्यांच्या पंपाने हवा काढून 24 तास गळती तपासा. पुढे जेल भरून निर्वात करताना पंपाचं तेल दुधाळ झालं, तर लगेच बदला. पाण्यात विरघळलेली हवाही पंपाने काढावी लागते.

साठा भरताना, म्हणजे जेल सुकवताना, व्हॉल्व्ह उघडा ठेवून जेलच्या कॉइलमध्ये 85 अंशांचं आणि दुसरीत 30–35 अंशांचं पाणी दोन-तीन तास फिरवा. जेल गरम असतानाच व्हॉल्व्ह बंद करा. गारवा हवा तेव्हा जेलला 30–35 अंशांचं पाणी द्या आणि व्हॉल्व्ह उघडा. खालचं पाणी 10–12 अंशांवर येतं. 5 अंशांखाली जाऊ देऊ नका, गोठलं तर कॉइल फुटेल. हिवाळ्यात खालच्या कॉइलला विहिरीचं 25 अंशांचं पाणी दिलं, तर जेलकडून 40–45 अंशांचं मिळतं.

काही दिवसांत गारवा मंदावला तर जेलला दोष देऊ नका. बहुतेकदा हवा शिरलेली असते. ती दाण्यांभोवती साचून वाफेला अडवते. साध्या लोखंडाचा एखादा बोल्ट आत राहिला तरी तो गंजून हायड्रोजन सोडतो आणि परिणाम तोच होतो.