बाळाला घेऊन नातेवाईकांकडे जाताय, फिरायचंही आहे? आधी प्लॅन अर्धा करा

आमच्या पहिल्या ट्रिपला लेक आठ महिन्यांची होती आणि मी नि नवऱ्याने बसून जो प्लॅन केला होता तो आठवला की आता हसू येतं. सहा दिवस, चार नातेवाईकांची घरं आणि मधल्या वेळात सात ठिकाणं. एक दिवस तर असा की सकाळी मावशीकडे, दुपारी म्युझियम, रात्री काकांकडे जेवण. काकांच्या दारात पोचलो आणि पोरीने जो सूर लावला तो चाळीस मिनिटं थांबला नाही. मी आतल्या खोलीत दिवा बंद करून तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतेय, बाहेर ताटं वाढून सगळे गप्प बसलेत, आणि दाराच्या फटीतून एकेक अंदाज आत येतोय, भूक लागली असेल, दात येत असतील, पोट दुखत असेल. काही झालं नव्हतं हो तिला. दिवसभरात एक झोप धड झाली नव्हती, बस.

दुसऱ्या वेळी शहाणे होऊन गेलो, तेव्हा काय काय बदललं ते लिहितेय.

पहिली गोष्ट, एका दिवसात एकच मोठं काम. नातेवाईक किंवा फिरणं, दोन्ही नाही. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, त्यातला बराच भाग दिवसाच्या झोपांचा, म्हणजे तुमच्या हातात खरा फिरण्याचा वेळ किती उरतो ते स्वतःच मोजा. आम्ही आधी घरी चार-पाच दिवस नुसतं लिहून ठेवलं, ही कधी उठते, कधी पेंगते, कधी खूश असते. आमच्याकडे सकाळची पहिली झोप झाल्यावरचे दोन-अडीच तास एकदम मस्त असतात, संध्याकाळी पाचनंतर सगळा कारभार चिडचिडीचा. मग काय, जे बघायचं ते सकाळी, संध्याकाळ घरात. रात्रीच्या जेवणाची आमंत्रणं सरळ दुपारवर ढकलली. कोणी रागावलं नाही, एक काकू तर म्हणाल्या बरं झालं, मलाही रात्री जागवत नाही.

दुसरं, मुक्काम एकच ठेवा. चार घरी एकेक रात्र म्हणजे चार वेळा बॅगा बांधा, चार नवीन खोल्या, चार वेळा बाळाला रात्री दोन वाजता जाग येऊन आपण कुठे आहोत हेच न कळणं. त्यापेक्षा एका ठिकाणी तळ ठोका आणि बाकीच्यांना तिथेच बोलवा, की अमुक दिवशी चार ते सहा आम्ही घरी आहोत, या सगळे. मोठी माणसं गाडीत बसून येऊ शकतात, बाळाचं तसं नसतं.

आणि मुक्काम कुठे हा प्रश्न तिकीट काढायच्या आधी सोडवा. माझं मत स्पष्ट आहे, दार लावता येईल अशी वेगळी खोली मिळत असेल तरच नातेवाईकांकडे राहा, नाहीतर जवळपास एखादी रूम घ्या. हॉलमध्ये गादी टाकून बाळ नऊला झोपवायचं आणि टीव्ही अकराला बंद होणार हे जमत नाही. आता हे सांगायचं कोणी? ज्याचे नातेवाईक त्याने. माझ्या मावशीला मी सांगितलं, सासरच्या मंडळींना नवऱ्याने. उलटं केलं की पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

निघायच्या पंधरा-वीस दिवस आधी एकदा बाळाच्या डॉक्टरांना भेटून या. राहिलेल्या लशी घेऊन होतात, तापाच्या औषधाचा डोस आत्ताच्या वजनाप्रमाणे लिहून घेता येतो (वजनावर असतो तो, वयावर नाही, आणि बाळ दोन महिन्यांत बरंच वाढलेलं असतं). ६ महिने पूर्ण झाले असतील तर फ्लूच्या लशीबद्दल विचारा. परदेशात जात असाल तर गोवरच्या लशीचंही विचारा, कारण तेव्हा कधीकधी ६ ते ११ महिन्यांतच एक जादा डोस देतात. लशींच्या कार्डाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे. परदेशासाठी बाळाचा स्वतःचा पासपोर्ट लागतो हे काही जणांना शेवटच्या महिन्यात कळतं, आणि तान्ह्या बाळाचा डोळे उघडे असलेला सरळ फोटो काढणं हे एक वेगळंच प्रकरण आहे.

प्रवास. विमान असेल तर २ वर्षांखालचं बाळ बहुतेक ठिकाणी मांडीवर घेऊन जाता येतं, लांबच्या फ्लाइटला पुढच्या भिंतीला लावायचा छोटा पाळणा मिळतो पण तो आधी फोन करून मागावा लागतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. कान दुखतात ते हवेचा दाब बदलतो म्हणून, विमान उतरताना जास्त. गिळलं की कान मोकळा होतो, त्यामुळे चढताना-उतरताना पाजायचं किंवा चोखणी द्यायची. आम्ही काय चूक केली तर विमानात बसल्या बसल्या पाजलं, विमान अर्धा तास जमिनीवरच उभं, आणि उडालं तेव्हा हिचं पोट भरलेलं. चाकं हलल्याशिवाय पाजू नका.

गाडीने जाणार असाल तर बाळाचं सीट मागच्या बाकावर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मांडीवर घेऊन बसणं कितीही सोयीचं वाटलं तरी नको, जोरात ब्रेक लागला की कुठल्याही आईच्या हातात बाळ राहत नाही. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर असं उलटं सीट कधीच लावायचं नाही. दर दोन तासांनी थांबा, बाळाला बाहेर काढून आडवं करा, हातपाय झाडू दे. सीटमध्ये झोप लागली तर लागू दे, पण पोचल्यावर "झोपलीये, राहू दे तशीच" म्हणून सीटसकट घरात ठेवू नका, मान पुढे पडून श्वासाला त्रास होऊ शकतो, उचलून सपाट जागी पाठीवर झोपवायचं. ट्रेन मला सगळ्यात आवडते कारण उठून चालता येतं, बाकी काही खास नाही.

हातातल्या बॅगेचं मात्र नीट ऐका. आमची लेक प्रवासाच्या दुसऱ्या तासाला अशी काही शी करून बसली की डायपर, झबलं, तिचा बाबा, सगळं एका फटक्यात. तिचे जादा कपडे होते तीन जोड. बाबाचे सगळे कपडे मोठ्या बॅगेत, मोठी बॅग सगळ्यात खाली. पुढचे चार तास तो माझी ओढणी गुंडाळून बसला होता आणि समोरच्या सीटवरची एक छोटी मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तेव्हापासून नियम, मोठ्यांचाही एकेक टीशर्ट हातातल्या बॅगेत. कपड्यांचे जोड वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत, म्हणजे स्वच्छ काढायचा आणि घाण झालेला त्याच पिशवीत कोंबायचा. डायपर लागतील वाटतात त्यापेक्षा चार जास्त. वाइप्स, एक पातळ दुपटं, बदलायला खाली घालायची गुंडाळी, औषधाचं किट, थर्मामीटर. खेळणी दोन पुरे, रिकामी बाटली आणि चमचा यावर कुठलंही बाळ अर्धा तास काढतं.

दुधाचं गणित पाठ करा. काढलेलं ताजं आईचं दूध खोलीच्या तापमानाला ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, आणि बर्फाच्या पॅकसोबत कूलर बॅगेत २४ तासांपर्यंत चालतं. फार गरम असेल तर ४ तासांचाही भरवसा धरू नका. पावडरचं दूध कालवल्यावर २ तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावलं की १ तासात, उरलेलं ओतून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी. म्हणून पावडर मोजून डब्यात आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये वेगळं न्यायचं, लागेल तेव्हा बनवायचं. ६ महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, उन्हाळा असला तरी, पाजण्याच्या वेळा वाढवायच्या.

आता नातेवाईक, म्हणजे खरा विषय.

सहा-आठ महिन्यांपासून बाळाला अनोळखी माणसांची भीती वाटायला लागते, हे वाढीचं लक्षण आहे, लाडावल्याचं नाही. पण मावशीला हे कोण सांगणार, ती वर्षभर फोटो बघून वाट बघत बसलेली. दार उघडलं, हात पसरले, पोरगी उचलली. मी बघत होते, आधी हिने मावशीचा चष्मा बघितला, मग कानातलं बघितलं, मग माझ्याकडे वळून बघितलं, खालचा ओठ हळूच बाहेर आला, दोन सेकंद अगदी शांतता आणि मग जे काय भोकाड. मावशीचा चेहरा पडला. दुसऱ्या ट्रिपला मी आधीच फोनवर सांगून ठेवलं, आल्या आल्या घेऊ नकोस, माझ्याशीच गप्पा मार, तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. मावशी बिचारी जमिनीवर बसून वाट्या रचत राहिली, माझ्याशी बोलत. पंधरा मिनिटांनी ही रांगत गेली आणि वाटी पाडली. झालं, त्यानंतर दिवसभर मावशीच. ही युक्ती जवळजवळ सगळ्यांवर चालते, फक्त मोठ्या माणसाला तेवढा धीर पाहिजे.

हात धुवून घ्या हे सांगताना अवघड वाटतं, खरंय. मी दारातच "आम्ही पण प्रवासातून आलोय, आधी सगळेच हात धुऊ" म्हणते आणि स्वतः बेसिनकडे चालू लागते, मागून सगळे येतात. खोकला-सर्दी असलेल्यांनी लांबून बघायचं आणि तोंडाची पापी कोणीच घ्यायची नाही, बाळ तीन महिन्यांखालचं असेल तर यात अजिबात सूट नाही. मध चाटवायला कोणीतरी पुढे येतंच, एक वर्षाआधी मध नाही म्हणजे नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य भरपूर वापरा, फुकट आहे.

ज्या घरी राहताय तिथे पोचल्यावर एकदा गुडघ्यांवर रांगून फिरा, मी मस्करी करत नाहीये. आजीच्या उशीजवळची गोळ्यांची डबी, रिमोटमधून निघालेला बटणासारखा सेल, टेबलक्लॉथच्या टोकाला ठेवलेला गरम कप, हे उभ्याने दिसतच नाही. तो बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा संशय जरी आला तरी थेट हॉस्पिटल. झोपायला सपाट, टणक गादी, पाठीवर, उशी-रजई-मऊ खेळणी काही नाही. कौतुकाने काढून ठेवलेली मऊ उशी आपण घ्यायची, मान मोडून आलेली असतेच.

फिरायला जाताना जागा अशी निवडा जिथून कधीही उठून जाता येईल. बाग, पाण्याकाठची मोकळी वाट, प्राणिसंग्रहालय, सकाळी उघडल्या उघडल्या म्युझियम. तिकीट काढून दोन तास एका जागी बसायचे कार्यक्रम सोडा. पायऱ्या आणि खडबडीत रस्ता असेल तर बाबागाडी म्हणजे उचलून न्यायचं ओझं, अंगाला बांधायचा कॅरिअर बरा, त्यात बाळाचं तोंड कायम दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, दोन बोटं जावीत एवढी जागा हवी. ६ महिन्यांखालच्या बाळाला उन्हापासून सावली आणि टोपीनेच जपायचं, सनस्क्रीन त्यानंतर. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून चादर टाकतात ना, ती टाकू नका, आतली हवा कोंडते आणि भट्टी होते. २ महिन्यांखाली डासांचं लावायचं औषध नाही, जाळी वापरा.

आणि एखादी जागा तुम्हाला खरंच मनापासून बघायची असेल तर आळीपाळीने बघा. मी आत, नवरा बाहेर झाडाखाली बाळासोबत, मग उलट. सगळ्यांचा एकत्र फोटो येत नाही, पण दोघांनाही एकेक तास शांतपणे काहीतरी बघायला मिळतं, आणि खरं सांगू, तो एकटीचा तास मला पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आवडला.

आजारपणाचं थोडक्यात. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर. जुलाब लागले तर दूध चालू ठेवायचं आणि ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं. शू कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं तर रात्र असली तरी निघायचं. म्हणून जवळचं मुलांचं हॉस्पिटल कुठे आहे हे पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवा.

परत येताना एक दिवस हातचा ठेवा. आम्ही रविवारी रात्री पोचलो आणि सोमवारी दोघंही ऑफिसला, असा मूर्खपणा पहिल्या वेळी केला होता. बाळाची झोप जागेवर यायला तीन-चार दिवस लागतात, वेळेचा मोठा फरक असलेल्या देशातून आलात तर अजून जास्त, तोवर सकाळी लवकर पडदे उघडायचे, रात्री अंधार करायचा आणि पहाटे तीनला ती टक्क जागी असली तर दिवे न लावता शेजारी पडून राहायचं. आमच्या लेकीने परत आल्यावर दोन रात्री असंच केलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात जाऊन एक वाटी ओढून आणली नि माझ्यासमोर जमिनीवर पालथी घातली, मावशी घालायची तशी.