मिरचीचे घरचे बियाणे: फळ पूर्ण लाल झाल्यावर तोडा, बी खडखडीत वाळल्यावर भरा

जूनमध्ये वाफ्यात मिरची विरळ उगवली की दोष पावसाला नाहीतर मातीला दिला जातो. बहुतेक वेळा चूक जानेवारीतच झालेली असते: फळ अर्धवट लाल असताना तोडलेले, नाहीतर बी दमट असताना डब्यात बंद केलेले. लाल मिरचीचे तोडे चालू आहेत तोवरच बियाण्याची फळे वेगळी काढा. हे भिवापुरी, संकेश्वरी, पुसा ज्वाला अशा सरळ जातींसाठी. संकरित वाणाचे बी धरू नका, पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

चुरडा-मुरडा (पाने आकसून गुंडाळणारा रोग) झालेले झाड सोडा. शेजारी दुसरी जात किंवा ढोबळी मिरची असेल तर मधमाश्यांमुळे भेसळ होते. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर अंतर धरतात. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची भरलेली फळे घ्या. फूल लागल्यापासून बी पक्के व्हायला साधारण 50 ते 60 दिवस जातात. देठाजवळ हिरवट कड उरली असेल तर फळ झाडावरच राहू द्या. तोडलेली फळे सात-आठ दिवस सावलीत एकाच थरात पसरा. या काळात फळातले बी आणखी पक्के होते. ढीग घातलात तर आतून तापून बुरशी धरते.

फळ उभे चिरून बघा. पांढऱ्या गाभ्याला चिकटलेले बी चपटे, फिकट पिवळे आणि भरीव हवे. तपकिरी किंवा काळपट डागाचे बी फळकुजीचे असू शकते. असे फळच टाकून द्या, नाहीतर रोग वाफ्यात येतो. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा.

मसाल्याची मिरची खळ्यावर कडक उन्हात वाळवतात. बियाण्याचे मात्र तसे करू नका. तापलेल्या सिमेंटवर किंवा पत्र्यावर अंकुर भाजतो, आणि बी वरून छान दिसले तरी उगवत नाही. सुती कापडावर पातळ पसरा, सकाळी दहापर्यंतचे ऊन द्या, नंतर हवेशीर सावली. तापमान 35 अंशांच्या वर जाऊ नये. आठ-दहा दिवसांनी बी वाकवून पाहा: न दुमडता कट्कन मोडले तरच वाळले.

एवढ्यावरही थोडी ओल राहतेच. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बियाण्याच्या वजनाइतकी सिलिका जेल पुरचुंडीत बांधून आठवडाभर ठेवा, मग पुरचुंडी काढून बरणी बंद करा. हवाबंद डब्यासाठी ओलावा 6 टक्क्यांच्या आत, साध्या पिशवीसाठी 8 टक्क्यांच्या आत असावा, असे प्रमाणीकरणाचे मानक आहे. ओलावा 1 टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. कापडी पिशवीतले बी पावसाळी हवेत पुन्हा ओल ओढून घेते, म्हणून पुढच्या वर्षासाठी ठेवायचे बी पिशवीत नको. बरणी फ्रीजमध्ये ठेवली तर बी तीन-चार वर्षे टिकते. मात्र बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, रात्रभर खोलीत राहू द्या. थंड बियाण्यावर दव धरले की सगळी मेहनत वाया. बरणीत जात आणि तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका.

उगवण मे महिन्यात तपासा. ताजे बी कधी कधी सुप्तावस्थेत असते, त्यामुळे फेब्रुवारीतली चाचणी फसवी ठरते. 100 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा, फडके सुकू देऊ नका. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा; मिरची सावकाश उगवते, पाचव्या दिवशी निराश होऊ नका. पाण्यात तरंगते म्हणून बी फेकू नका, वाळलेले चांगले बीही तरंगते.

60 सेंमी बाय 45 सेंमी लागवडीला एकरी सुमारे 15,000 रोपे लागतात. हजार बियांचे वजन 6 ग्रॅम धरले, तर 80 टक्के उगवणीला रोपांच्या ट्रेसाठी अंदाजे 115 ग्रॅम बी पुरते; मरतुकीसाठी थोडे जास्त घ्या. उगवण 60 च्या खाली आली तर जास्त बी टाकून भागवू नका, त्यातून उगवलेली रोपेही अशक्तच राहतात. बियाणे बदला. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा.