एनएफएलमध्ये दुखापती बघून टीमचा प्लेऑफचा चान्स कसा ओळखायचा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिथे नोव्हेंबर लागला की सगळीकडे तेच सुरू होतं, कुणीतरी एखाद्या टीमच्या जखमी खेळाडूंची लांबलचक यादी टाकतं, खाली "यांचा सीझन संपला" लिहितं आणि बाकीचे हो ला हो करतात. मला या याद्यांचा खरंच राग येतो. किती नावं आहेत यावरून काही म्हणजे काही कळत नाही. २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्सच्या डिफेन्समधले एकामागून एक लोक बाहेर गेले, एडन हचिन्सनचा तर ऑक्टोबरमध्येच डॅलसला पाय मोडला, तरी टीमने १५-२ (१५ विजय, २ पराभव) केलं आणि कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या दोन भागांपैकी आपल्या भागात, पहिला नंबर काढला. उलट २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) आरन रॉजर्स पहिल्याच मॅचला, त्याच्या चौथ्याच स्नॅपवर (चालीवर) जखमी होऊन गेला आणि सीझन ७-१० वर संपला. गेला त्याच्या जागी कोण आला, कुठल्या मॅचेससाठी आला, आणि त्याच्या येण्याने शेजारच्या किती जणांचं काम बदललं, एवढं बघायचं. मी ते कसं बघते ते सांगते. खेळाचे नियम तुम्हाला येतात असं धरून चालते.

आधी टेबल

प्रत्येक कॉन्फरन्समधून सात टीम जातात, चार डिव्हिजनचे (कॉन्फरन्समधल्या गटांचे) विजेते आणि उरलेल्यांतले तीन वाइल्ड कार्ड, आणि २०२० पासून बाय, म्हणजे पहिला राउंड न खेळता पुढे, फक्त पहिल्या नंबरला. १७ मॅचेसपैकी किती उरल्यात, कुणाशी उरल्यात, डिव्हिजनमधल्या किती उरल्यात हे कागदावर घ्या. प्लेऑफचा चान्स काढणाऱ्या सिम्युलेटरमधली टक्केवारी बघायला हरकत नाही पण तो आकडा कशावरून काढलाय ते आधी बघा, कारण नुसत्या मागच्या निकालांवर चालणाऱ्या गणिताला काल रात्री क्वार्टरबॅक बदललाय हे माहीतच नसतं.

डिव्हिजन किती महत्त्वाचं असतं हे ज्यांना पटत नाही त्यांनी २००८ बघावं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच मॅचला गेला, बॅकअप मॅट कॅसलने तरीही पेट्रियट्सना ११-५ पर्यंत नेलं, आणि टीम बाहेरच राहिली, कारण ११-५ वरच मायामीने टायब्रेकरवर डिव्हिजन नेलं. त्याच वर्षी सॅन डिएगो चार्जर्स ८-८ वर डिव्हिजन जिंकून आत गेले! बॅकअपने जमवलं की नाही हा एक प्रश्न आणि टीम आत गेली की नाही हा दुसरा, ते दोन एकत्र करू नका.

मग इंजुरी रिपोर्ट

रविवारची मॅच असेल तर रिपोर्ट बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा तीन दिवस येतो. प्रॅक्टिस केलीच नाही, लिमिटेड केली, किंवा पूर्ण केली, आणि शुक्रवारी शेवटचा शिक्का: क्वेश्चनेबल (सांगता येत नाही), डाउटफुल (बहुधा नाही) किंवा आउट (नाहीच). एका दिवसाचा रिपोर्ट बघून काहीही बोलू नका, दिशा बघा. बुधवारी नाही, गुरुवारी लिमिटेड, शुक्रवारी पूर्ण, तर माणूस बहुधा खेळतो. बुधवारी लिमिटेड आणि गुरुवारी एकदम नाही, तर मध्ये काहीतरी बिघडलंय, हे वाईट लक्षण. ज्येष्ठ खेळाडूच्या नावापुढे बुधवारी "आराम" लिहिलं असेल तर तिकडे बघूही नका. २०१६ मध्ये "प्रोबेबल" (बहुधा खेळेल) हा शिक्का काढून टाकला, तेव्हापासून क्वेश्चनेबलमध्ये सगळंच येतं, नक्की खेळणारेही आणि न खेळणारेही. गुरुवारी मॅच असेल तर आठवडा इतका छोटा असतो की प्रॅक्टिसच धड होत नाही, टीम नुसता अंदाज लिहिते, त्या रिपोर्टवर फार विसंबू नका.

कोच पत्रकारांना "डे टू डे" म्हणाला तर ती माहिती नाही, सोडून द्या. कन्कशनच्या (डोक्याला मार लागल्याच्या) बाबतीत तर कुणीच अंदाज बांधू नये, पाच टप्प्यांचा प्रोटोकॉल असतो आणि शेवटचा होकार टीमबाहेरच्या तज्ज्ञाचा लागतो.

खरं काय ते किकऑफच्या ९० मिनिटं आधी कळतं, इनॅक्टिव्हची, म्हणजे त्या मॅचला न खेळणाऱ्यांची, यादी येते तेव्हा. भारतात बसून बघणाऱ्यांसाठी, अमेरिकेतली रविवार दुपारी एकची मॅच म्हणजे आपल्याकडे साडेदहा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा, म्हणजे यादी रात्री नऊ किंवा दहाला.

इंजर्ड रिझर्वचं गणित

आयआरवर, म्हणजे इंजर्ड रिझर्व या जखमींच्या वेगळ्या यादीत, टाकलेला खेळाडू कमीत कमी चार मॅचेसना मुकतो. मॅचेस, आठवडे नाही, सीझनमधला बायचा (सुट्टीचा) आठवडा यात धरत नाहीत. परत आणायला एका टीमला सीझनमध्ये आठच संधी, प्लेऑफला पोचली तर २०२४ पासून आणखी दोन. प्रॅक्टिस सुरू केली की २१ दिवसांच्या आत त्याला ५३ जणांच्या रोस्टरवर (मुख्य संघात) घ्यावं लागतं, नाही तर सीझन संपला. म्हणून तारखा लिहून ठेवा. वीक १५ च्या मॅचआधी आयआरवर गेलेला माणूस वाइल्ड कार्ड राउंडला परत येऊ शकतो, फक्त तोपर्यंत टीम आत असायला हवी.

टीम स्वतः काय समजते हेही इथेच दिसतं. एखाद्याला आयआरवर न टाकता ५३ मध्ये तसंच धरून ठेवलंय म्हणजे त्यांना तो चार मॅचेसच्या आत हवाय, आणि आठवडे गेले तरी तो खेळला नाही तर एक जागा फुकट अडकलीये. माझं मत विचाराल तर कोचच्या दहा मुलाखतींपेक्षा हा एक निर्णय जास्त सांगतो.

आता अवघड भाग: जागी कोण आलं

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

क्रिकेट बघून वाढलेल्या आपल्या लोकांना एक सवय असते, मोठा बॅट्समन बाहेर गेला तर त्याचे रन कमी होतील, बाकीचे दहा आपापलं खेळतील. फुटबॉलमध्ये बाकीचे आपापलं खेळत नाहीत, एक माणूस बदलला की शेजारच्याचंही काम बदलतं, कधी कधी जागाच बदलते. ऑफेन्सिव लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांत, हे सगळ्यात जास्त होतं आणि ऑफेन्सिव लाइनकडेच सगळ्यात कमी लोक बघतात, कारण त्या पाच जणांच्या नावावर ना यार्ड ना टचडाउन.

२०२० च्या सीझनचे कॅन्सस सिटी चीफ्स घ्या. १४-२, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, सगळे त्यांच्याच बाजूने. राइट टॅकल (लाइनच्या उजव्या टोकाचा) मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे आधीच बाहेर होता, मग कॉन्फरन्स फायनलमध्ये लेफ्ट टॅकल एरिक फिशरचा अकिलीज (टाचेमागचा स्नायूबंध) गेला. यादीत ही दोनच नावं. पण सुपर बोलला (लीगच्या फायनलला) झालं काय, राइट टॅकलला खेळणारा माइक रेमर्स डावीकडे गेला, गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा) अँड्र्यू वायली राइट टॅकलला गेला, आणि वायलीच्या जागी गार्डला तिसराच माणूस आला, म्हणजे दोन दुखापतींनी तीन जागा हलल्या. टॅम्पा बे बकनीअर्सना फार ब्लिट्झही (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) करावा लागला नाही, चार जणांनीच महोम्सला रात्रभर पळवलं, २९ वेळा प्रेशर आलं जो सुपर बोलचा रेकॉर्ड होता, आणि चीफ्सचा एकही टचडाउन झाला नाही, ३१-९. महोम्स तोच, ट्रॅव्हिस केल्सी तोच, टायरीक हिल तोच. यादीतली नावं मोजणाऱ्याला ही मॅच कधीच कळली नसती.

म्हणून पहिला नियम, एकाच गटात दोन दुखापती म्हणजे दोन नाही, त्याहून बऱ्याच जास्त. एक टॅकल गेला तर कोच त्याच्या बाजूला टाइट एंड उभा करतो, रनिंग बॅकला ब्लॉकिंगला थांबवतो, सांभाळून घेतो. दोन्ही टॅकल गेले तर कुठे कुठे मदत पाठवणार, आणि जितके जण ब्लॉकिंगला थांबले तितके पास घ्यायला कमी. कॉर्नरबॅकचं (रिसीव्हरला अडवणाऱ्याचं) तसंच, एक गेला तर सेफ्टीला (सगळ्यात मागच्या डिफेंडरला) त्याच्याकडे सरकवता येतं, दोघे गेले तर सेफ्टी दोघांच्या मागे पळतोय. एक टॅकल, एक रिसीव्हर, एक लाइनबॅकर असे तीन वेगवेगळ्या गटांतले तीन गेले तर चांगली टीम बऱ्यापैकी निभावते, पण एकाच गटातले तीन गेले तर मी त्या टीमचा अंदाज लगेच खाली आणते, रेकॉर्ड काहीही असो.

दुसरं, आलेला माणूस आधी कुठे होता ते बघा. बेंचवरचा लाइनबॅकर किंवा सेफ्टी बसलेला नसतो, तो किकऑफ आणि पंटच्या कव्हरेजवर धावत असतो. मॅचच्या दिवशी ४८ च्या वर कुणाला खेळवता येत नाही, त्यामुळे तो स्टार्टर झाला की तिकडे भोक पडतं, मग प्रॅक्टिस स्क्वाडवरून (५३ बाहेरच्या, नुसता सराव करणाऱ्या खेळाडूंमधून) कुणीतरी येतो. एका मॅचला दोघांनाच वर आणता येतं आणि सीझनमध्ये एकाच खेळाडूला तीनदाच, चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये घ्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागतं. शनिवारी दुपारी कुणाकुणाला वर आणलं ही छोटी बातमी येते ती वाचत जा, टीमला आतून कुठे दुखतंय ते तिथे दिसतं.

तिसरं, नावाला भुलू नका, विशेषतः रनिंग बॅकच्या. २०२३ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचा निक चब दुसऱ्याच मॅचला गुडघ्याने गेला, तो त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू, तरी टीम ११-६ करून प्लेऑफला गेली. मी रनिंग बॅकच्या दुखापतीला लेफ्ट टॅकलच्या दुखापतीपेक्षा कमी वजन देते आणि यावर वाद घालायला तयार आहे.

आणि लायन्स? डिफेन्सची झीज सीझनभर दिसत होतीच, वीक १५ ला बफेलोने ४८ पॉइंट केले, ऑफेन्स इतका चांगला होता की झाकलं गेलं. मग जानेवारी २०२५ मध्ये घरच्या मैदानावर वॉशिंग्टनने ४५-३१ ने बाहेर काढलं. त्या दिवशी लायन्सनी बॉलही पाच वेळा घालवला, सगळं दुखापतींवर ढकलणं बरोबर नाही. पण तुटका डिफेन्स असलेल्या टीमला ऑफेन्सचा एक वाईट दिवसही परवडत नाही, आणि प्लेऑफमध्ये एक वाईट दिवस म्हणजे घरी. सीझनचा चान्स आणि प्लेऑफमध्ये पुढे जायचा चान्स असे दोन अंदाज वेगळे लिहा.

मी प्रत्येक आठवड्याला टीमच्या ऑफेन्सिव लाइनची पाच नावं जागेसकट लिहून ठेवते. पाच मिनिटांचं काम आहे. लागोपाठच्या आठवड्यांत त्यातली तीन सारखी नसतील तर त्या टीमबद्दलच्या बाकी सगळ्या चर्चा बाजूला ठेवा.

क्वार्टरबॅक वेगळा

त्याच्यासाठी वरचं सगळं लागू आहे, वर आणखी एक, त्याचा बॅकअप बहुतेकदा मार्चमध्येच ठरलेला असतो. २०१७ ला कार्सन वेंट्झचा गुडघा डिसेंबरमध्ये गेला तेव्हा लोकांनी फिलाडेल्फिया ईगल्सना सोडून दिलं होतं, पण निक फोल्सला त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये मुद्दाम परत आणलं होतं, तो आधी तिथेच खेळलेला, शिवाय समोरची लाइन जेसन पीटर्सविनाही दणकट होती. पेट्रियट्सना ४१-३३ हरवून सुपर बोल जिंकला. उलट ब्राउन्सनी २०२३ मध्ये ऐन नोव्हेंबरमध्ये जो फ्लॅकोला आधी प्रॅक्टिस स्क्वाडवर घेतलं, तो ३८ वर्षांचा, सुरुवात केलेल्या पाच मॅचेसपैकी चार जिंकला, आणि मग ह्यूस्टनने प्लेऑफमध्ये ४५-१४ ने धुतलं. बॅकअप आत नेतो, पुढे नेईलच असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर फोर्टी नाइनर्सचा ब्रॉक पर्डी एल्बोने आणि बॅकअप जॉश जॉन्सन कन्कशनने, दोघेही एकाच कॉन्फरन्स फायनलमध्ये गेले, पर्डीला परत यावं लागलं आणि त्याला बॉल धड फेकताही येत नव्हता. ३१-७ ने हरले. त्यानंतरच तिसऱ्या इमर्जन्सी क्वार्टरबॅकचा नियम परत आला.

ऑगस्टमध्ये रोस्टर ठरतात तेव्हाच प्रत्येक टीमचा दुसरा क्वार्टरबॅक कोण ते बघून ठेवा.

शेवटचे दोन आठवडे: समोरच्याचा रिपोर्ट वाचा

इथे तुमच्या टीमच्या दुखापतींइतकंच समोरच्याचं आराम देणं महत्त्वाचं. २००९ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्स १४-० होते, पहिला नंबर पक्का, जेट्सविरुद्ध १५-१० ने पुढे असताना त्यांनी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला बाहेर बसवलं आणि २९-१५ ने हरले. पुढच्या आठवड्यात सिनसिनाटी, त्यांचंही डिव्हिजन पक्कं झालेलं, जेट्सकडून ३७-० ने हरले. जेट्स ९-७ वर आत गेले आणि थेट कॉन्फरन्स फायनलपर्यंत पोचले.

प्रत्येक उरलेल्या मॅचपुढे दोन गोष्टी लिहा: समोरच्याची जागा पक्की झालीये का, आणि अजून जागा वर-खाली होऊ शकते का. पक्की आणि हलणार नसेल तर स्टार्टर बसायची शक्यता खूप. २०२४ च्या शेवटच्या मॅचला ईगल्सनी रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला बसवलं, त्याचे सीझनमध्ये २००५ यार्ड झाले होते, एरिक डिकरसनचा एका सीझनमधल्या २१०५ यार्डांचा रेकॉर्ड १०० यार्डांवर होता, तरीही. रेकॉर्डसाठी सुद्धा खेळवलं नाही म्हटल्यावर बाकीच्यांचं काय सांगायचं. वीक १८ च्या वेळा वीक १७ संपल्यावरच जाहीर होतात, आणि कुठली मॅच आधी खेळली जाणार त्यावर नंतर खेळणारी टीम पूर्ण ताकदीने उतरणार की नाही ते ठरू शकतं, म्हणून ते टाइमटेबल हातात आल्याशिवाय शेवटच्या आठवड्याचा अंदाज लिहू नका.