‘चेक’चं मराठी करताना या चुका टाळा

परवा एका ऑनलाइन फॉर्मच्या तळाशी वाचलं : ‘अटी मान्य असल्यास पेटी तपासा.’ शेजारी इवलीशी रिकामी चौकट. तिच्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं. मुळात ‘चेक द बॉक्स’ असणार, हे माझ्यासारख्या दिवसभर भाषांतरं करणाऱ्याला कळतं. पण घरी बसून फॉर्म भरणाऱ्या आजोबांनी नेमकं काय तपासायचं? आपण जिला टिक म्हणतो, त्या बरोबरच्या खुणेला अमेरिकेत चेक म्हणतात. ‘चौकटीत बरोबरची खूण करा’ एवढं पुरे होतं.

चेक म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा ‘तपासणे’च आठवतं, घोळ तिथूनच सुरू होतो. या शब्दाच्या आयुष्यात तो अर्थ बराच उशिरा आला. आधी होता राजा.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळ भारतातून इराणात गेलं, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की ‘शाह!’ म्हणून सावध करायची रीत होती. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं, इंग्रजीत ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला. इकडे मराठीत तोच शाह ‘शह’ होऊन राहिला. म्हणजे पटावर चेकला आपण शह म्हणतो ते भाषांतर नव्हेच, एकाच घरातली दोन भावंडं आहेत ती.

राजाला शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवावे लागतात, आधी राजा वाचवायचा. त्यावरून चेक म्हणजे अचानक बसलेली खीळ, मग आवर, लगाम, ताबा. ताब्यातून पुढे पडताळून पाहणं, आणि अगदी शेवटी आपलं ‘जरा चेक कर ना’. म्हणून इंग्रजी वाक्यात चेक दिसला की मी आधी ‘रोखणे’ घालून बघतो. ‘चेक युवर टेम्पर’ म्हणजे राग आवर. याचं ‘तुझा स्वभाव तपास’ केलेलं मी वाचलं आहे, छापील पानावर.

राज्यशास्त्राच्या नोट्समध्ये तर ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं ‘तपासणी आणि शिल्लक’ झालेलं दिसतं, जणू पतपेढीचं ऑडिट चाललंय. अमेरिकेत काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून अडवू शकतो आणि दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवून काँग्रेस तो नकार मोडीत काढू शकते. यात तपासणी कुठे आहे? हा सरळ शह-काटशह आहे. पाठ्यपुस्तकी भाषा हवी असेल तर ‘अंकुश आणि समतोल’ लिहा.

शहचीही एक गंमत, कारण हिंदी बातम्यांवरून मराठी करणारे इथे हमखास पडतात. हिंदीत ‘किसकी शह पर’ म्हणजे कोणाच्या चिथावणीवरून, कोणाच्या पाठबळावर. मराठीत शह देणे म्हणजे अडवणं, डाव उलटवणं. ‘आमदाराने गुंडांना शह दिला’ असं छापलंत तर हिंदीत तो गुंडांचा पाठीराखा होता, मराठीत शूर ठरला.

चेकमेटचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, त्यामुळे तो जुळतोही. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, कोंडीत सापडलेला, आणि खेळाकडे पाहिलं तर मला हेच पटतं. बुद्धिबळात राजाला मारतच नाहीत. तो सुटू शकत नाही असं ठरलं की डाव संपतो. जाता जाता, मराठीत मात ‘करतात’. ‘मात दिली’ हे हिंदीचं वळण.

आता बँकेचा चेक. आधी चेक हा शब्द हुंडीसारख्या कागदाच्या स्थळप्रतीला होता, खोटेपणा रोखणारा म्हणून. मग तो कागदालाच चिकटला. त्याचं क्यू घातलेलं ब्रिटिश स्पेलिंग ‘एक्सचेकर’कडे पाहून रूढ झालं असं मानतात. एक्सचेकर म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. 12व्या शतकात तिथे 10 फूट लांब, 5 फूट रुंद टेबलावर रेषा आखलेलं कापड अंथरून, घरांमध्ये सोंगट्या सरकवत हिशेब करत. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे म्हणून हे नाव पडलं. आपला चेक्सचा शर्टही याच पटावरून आलेला. त्याला चौकड्यांचा शर्ट म्हणायला मात्र कोणाची हरकत नसावी.

आपल्याकडचं बँकेचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, तेव्हा पत्रात क्यूवालं स्पेलिंगच हवं; अमेरिकेत बँकेच्या चेकला आणि तपासण्याच्या चेकला एकच स्पेलिंग चालतं. मराठीत धनादेश म्हणा किंवा चेक, पण तो ‘वटतो’, ‘पास होतो’; ‘तपासला जातो’ लिहिलंत तर पैसे आले की नाही तेच कळत नाही.

चेक प्रजासत्ताकाचा यातल्या कशाशीही संबंध नाही, ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मथळ्यात ‘चेक खेळाडू’पेक्षा ‘चेक प्रजासत्ताकाचा खेळाडू’ बरं.

अमेरिकेत हॉटेलच्या बिलालाही चेकच म्हणतात आणि ‘बिल’ म्हणजे नोट. न्यू जर्सीत नव्याने गेलेल्या भाच्याला हे दोन दिवसांत कळतं, भाषांतरकाराला पानं भरली तरी कळत नाही. मध्यंतरी एका अनुवादित कथेत नायक जेवण उरकून, हात पुसून वेटरला म्हणतो, ‘धनादेश आणा.’ मला क्षणभर वाटलं, जेवल्याबद्दल हॉटेलवालाच याला पैसे देणार.