व्हिडिओतला एकच आवाज बदलताय? या चुका टाळा

लगीनसराई ओसरली की माझ्याकडे अहिराणी नाटकं आणि शेतीच्या माहितीपटांची कामं सुरू होतात. एकाच फाइलमध्ये तीन आवाज असतात: पहिला ट्रॅक प्रमाण मराठी, दुसरा अहिराणी, तिसरा हिंदी. मग कोणीतरी म्हणतं, "दादा, फक्त अहिराणी बदलायचीय." काम दहा मिनिटांचं. पण अमळनेरला माझ्यापर्यंत येण्याआधी घरी प्रयोग करून फाइलची पार वाट लावलेली असते.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते एक्सपोर्टवाल्यांमुळे. अख्खी फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढायची, जुना आवाज म्यूट करायचा, नवा खाली टाकायचा आणि एक्सपोर्ट मारून झोपायचं. सकाळी हातात काय? चित्र आणखी एकदा पिळून निघालेलं, हिंदी गायब, सबटायटल गायब. खिशाचं बटण तुटलं म्हणून अख्खा सदरा उसवतं का कोणी? एमकेव्हीटूलनिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात जुनी फाइल आणि नवा आवाज दोन्ही टाका, जुन्या अहिराणीवरची टिक काढा, नवा ट्रॅक ओढून त्या जागी आणा आणि मल्टिप्लेक्स करा, म्हणजे सगळे ट्रॅक एका नव्या फाइलमध्ये बांधले जातात. चित्र जसंच्या तसं उचललं जातं.

काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर चालवणारे स्वतःला शहाणे समजतात, पण तेही घसरतात. कोडेक 'कॉपी' ठेवला, म्हणजे काही न पिळता जसंच्या तसं उचलायला सांगितलं, तरी कोणते ट्रॅक घ्यायचे ते सांगणारं 'मॅप' लिहिलं नाही, तर ते एक चित्र, एक आवाज, एक सबटायटल एवढंच उचलतं. शिवाय त्याची मोजणी शून्यापासून. तुमचा दुसरा आवाज त्याच्या लेखी एक नंबरचा. यात हिंदी उडवून बसलेला एक पदवीधर मी पाहिलाय.

आता माझी स्वतःची चूक. दीड तासाचं नाटक, गणपतीत पारोळ्याकडच्या एका गावात पडद्यावर दाखवायचं होतं. नवी अहिराणी आदल्या रात्री आली. पहिली दोन मिनिटं ऐकली, ओठ जुळत होते, फाइल दिली. शेवटच्या प्रवेशात बाप पोराला थप्पड मारतो. पडद्यावर बाप अजून दारात उभा, आणि मंडपात थप्पड वाजली. मागून कोणीतरी ओरडलं, "भो, आवाज पहिले ई ऱ्हायना!" म्हणजे आवाज आधीच येतोय. रडायच्या प्रसंगाला अख्खं गाव हसलं. नाटकवाल्यांनी पुढं दोन महिने माझा फोन उचलला नाही.

झालं होतं असं: मूळ फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं. डबिंगसाठी दिलेली कॉपी कोणीतरी २४ फ्रेमवर काढलेली, म्हणून ती किंचित जोरात पळाली आणि तिच्यावर केलेला आवाज आखूड झाला. फरक हजारात एक. पहिल्या दोन मिनिटांत तो सेकंदाच्या आठव्या भागाइतका, कानाला कळतही नाही. ९० मिनिटांनी तोच ५.४ सेकंद होतो.

तेव्हापासून मी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा बघितल्याशिवाय फाइल हातातून सोडत नाही. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर नुसता डिले, म्हणजे अख्खा आवाज तेवढाच पुढे किंवा मागे सरकवायचा. मिलिसेकंदांत आकडा टाकला की झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमरेटची भानगड. तिथं डिले कितीही फिरवा, एक टोक जुळेल, दुसरं सुटेल. मी असा आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन चेंज टेम्पोने लांबवतो. त्या नाटकाला ५४०० सेकंदांचे ५४०५.४ केले आणि चपराक गालावर आली. आणि मधेच एका जागेपासून अचानक सगळं सरकलं असेल, तर कोणीतरी प्रवेश कापलाय. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून ती जागा शोधावीच लागते. त्याला जादूचं बटण नाही.

व्हीएलसीत 'जे' आणि 'के' दाबून आवाज जुळवला म्हणजे फाइल सुधारली, असं नाही. प्लेअर बंद, जुळणी गेली.

एमपी४ आणि एमकेव्ही हे व्हिडिओ फाइलचे दोन वेगळे प्रकार. एमपी४ चं नाव बदलून एमकेव्ही केल्याने काहीही होत नाही.

ट्रॅकला भाषा लावा. मराठीचा कोड एमएआर, अहिराणीचा एएचआर. डिफॉल्टची, म्हणजे आपोआप वाजायच्या ट्रॅकची, खूण एकाच आवाजावर ठेवा, नाहीतर गावातला टीव्ही कोणता लावेल याचा नेम नाही.

मूळ फाइल? सगळे ट्रॅक तपासून होईपर्यंत डिलीट करायची नाही. यावर चर्चा नको.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून डबिंग पाठवणाऱ्यांनो, तो आवाज तुमच्या फोनमधून निघतानाच दाबला जातो. अस्सल, न दाबलेली वेव्ह (WAV) फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. परवा चोपड्याच्या एका पोराने चाळीस व्हॉइस नोट पाठवल्या, संवादाला एक. मी एकही उघडली नाही. म्हटलं, पेनड्राइव्ह घेऊन ये. तासाभराने फोन आला, "दादा, पेनड्राइव्हमध्ये त्याच चाळीस टाकल्या तर चालतील का?"